काढून टाकलेलं कॅरियर

मिस्त्रींना सायकलवर बसलेलं कोणी पाहिलं नाही. आम्हा पाचसहा जणांना त्यांनी सातारा रस्त्यावर वर्षानुवर्षं पिदडलं, एकाला तर मुक्काम न करता कोल्हापूरला पोचवलं. पण स्वतः ते पायी चालत, तेही उजवा पाय काठीसारखा सरळ ठेवून. गुडघा वाकत नसे. का, हे विचारायची सोय नव्हती. आमच्यातल्या एका उत्साही माणसाने एकदा विचारलं. मिस्त्री म्हणाले, "हलवाई पेढे खातो का?" आणि त्याची सायकल आठवडाभर आढ्याला उलटी टांगून ठेवली.

दुकान स्वारगेटच्या अलीकडे, दोन इमारतींमधल्या बोळात. पुण्यात असूनही त्यावर एकही पाटी नव्हती. नाव नाही, वेळ नाही, सूचना नाही, अपमान नाही. अपमान हवा असेल तर आत जावं लागे. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाताना ते दाराला एक जुनी साखळी अडकवून जात, तेवढंच काय ते कुलूप. आजोबा टांग्यांची चाकं करायचे, वडिलांनी सायकलींची केली, आणि मिस्त्रींच्या वाट्याला सायकली संपत जाण्याचा काळ आला. शहरातल्या सायकली एकेक करून जिन्याखाली जात होत्या आणि जो तो मोटारसायकलवर बसून सिग्नलला उभा होता. मिस्त्रींना त्याचं दुःख होतं की नव्हतं, कळायला मार्ग नाही. ते म्हणत, "गर्दी कमी झाली. आता ज्याला खरंच चालवायची आहे तोच येतो."

मी त्यांच्याकडे गेलो तो खरंच चालवायची म्हणून नव्हे. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो आणि कंबरही चौतीसच असल्याचं सांगत असे. यातलं वय खरं होतं. कॉम्प्युटरच्या कंपनीत होतो, अमेरिकेत सहा महिने राहून परतलो होतो आणि माझ्यामागून सामानात एकवीस गिअरची सायकल, डोक्याला टोप आणि अंगाला चिकटणारे कपडे आले होते. ते कपडे घालून मी पहिल्यांदा शनिवार पेठेतल्या आमच्या जिन्यावरून उतरलो तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजी "अगं बाई" म्हणून आत गेल्या, त्या मी रस्त्याला लागेपर्यंत बाहेर आल्या नाहीत.

मिस्त्रींनी सायकल पाहिली. बराच वेळ पाहिली. मग मला पाहिलं, त्याला फारसा वेळ लागला नाही. म्हणाले, "सायकल उत्तम आहे. तिला आता माणूस बघायला हवा."

त्यांनी मला नाव कधी विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून मी 'कॉम्प्युटर' होतो. "या कॉम्प्युटर. बसा. नको, त्याच्यावर नको, ते चाक आहे."

मी माझी अडचण सांगितली. मला सातारा गाठून त्याच दिवशी परत यायचं होतं. सोमवारी फार जोर असतो, बुधवारी कमी होतो आणि शनिवारी पांघरूण निघत नाही. मोटिव्हेशन टिकत नाही, असं मी म्हणालो. त्याला मराठीत काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी अडखळत 'हुरूप' म्हणालो.

"हुरूप होय," मिस्त्री म्हणाले. "हुरूप पाहुणा असतो, कॉम्प्युटर. येतो, चहा पितो, जातो. त्याच्या भरवशावर कोणी संसार करतं का?"

मग त्यांनी मला त्यांची पद्धत सांगितली. पद्धत चमत्कारिक होती. जुन्या ट्यूबची एक काळी पट्टी कापायची, कात्रजच्या घाटात रस्त्याकडेच्या एखाद्या दगडाला किंवा झाडाला ती बांधायची. आपण सायकलने तिथवर जायचं, पट्टीला हात लावायचा आणि मागे फिरायचं. दम उरला असला तरी फिरायचं. "उरला असला तरी नव्हे," ते म्हणत, "उरला असतानाच." दर आठवड्याला पट्टी थोडी वर सरके. ती बांधायला ते स्वतः जात. सरळ पाय आडवा टाकून एस. टी.त बसत, घाटात उतरत, प्रत्येकाची पट्टी पुढच्या दगडाला बांधत आणि खाली येणाऱ्या गाडीला हात करत. कंडक्टर त्यांना ओळखत. कोणी म्हणे अंगारेधुपारे करणारे आहेत, कोणी म्हणे रस्त्याच्या खात्यातले असावेत.

आणि ज्या दिवशी मन लागणार नाही त्या दिवशी? त्या दिवशी दुकानात यायचं, चालत आलात तरी चालेल, चाकात हवा भरायची आणि घरी जायचं. मन लागत नाही, अशी तक्रार केली की ते म्हणत, "मन कशाला लागतं? पाय लागतात." मी कितीतरी दिवस ऑफिसच्या कपड्यांत, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवून, ठासून भरलेल्या चाकात आणखी दोन पंप हवा भरून ऑफिसला गेलो आहे. हसू येतं; पण महिन्याभरात शनिवारचं पांघरूण निघायला लागलं, हे कबूल करायला हवं.

तिसऱ्या महिन्यात मी बेइमानी केली. एका रविवारी सकाळी हवा छान होती, पाय हलके होते, पट्टी फारच लवकर आली. मी तिला हात लावला नाही, बघितलंही नाही. थेट वर जुन्या बोगद्यापर्यंत गेलो. तिथे दोन चहा प्यायलो, आणि सोमवारी ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना पराक्रमाची ईमेल पाठवली. त्यानंतर पंधरा दिवस मी सायकलला हात लावला नाही. कारण काही नव्हतं. नुसतंच नको वाटायचं.

सोळाव्या दिवशी जाऊन मी हे सगळं मिस्त्रींना सांगितलं. बोगद्याचा भाग जरा रंगवून सांगितला. ते चाकाच्या तारा पिळत होते, वर न बघता म्हणाले, "एका दिवसात पंधरा दिवसांचा हुरूप खाल्लात. वर उपास घडला म्हणून रडताय." आणि दुसऱ्या दिवशी ते एस. टी.ने गेले आणि माझी पट्टी सोडून पुन्हा घाटाच्या पायथ्याशी, पहिल्या दगडाला बांधून आले. दोन मुलांच्या बापाला इतकं लहान वाटू शकतं, हे मला तेव्हा कळलं.

हे मी हसत सांगतो आहे खरा, पण त्या दिवसांत घरी हसण्यासारखं काही नव्हतं. मी अमेरिकेत असतानाच आई गेली. दोन दिवसांचं दुखणं. मी पोचलो तेव्हा सगळं उरकून तिसरा दिवस होता. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, दार उघडलं, "आलास," म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन खुर्चीत बसले. त्या खुर्चीतून ते चार महिने उठलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. जेवायला वाढलं तर दोन घास खात. दाढी वाढली. रोजचं फिरणं सुटलं, पेपर घडी न मोडता पडून राहायला लागला. आईचं नाव नाही, डोळ्यांत पाणी नाही, मला एका शब्दाने बोल लावणं नाही. डॉक्टरांनी सगळं तपासून मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की शरीरात बिघाड काही नाही, पण असेच बसून राहिले तर वर्ष काढणार नाहीत. उठवा त्यांना.

मी उठवायला निघालो. शिकलेला माणूस जे करतो ते मी केलं. एक यंत्र आणलं. बसल्या जागी पेडल मारायची सायकल, समोर लुकलुकणारे आकडे: इतके किलोमीटर, इतक्या कॅलरी. आठवडाभराने तिच्या हँडलवर अण्णांचा पंचा वाळत होता आणि पेडलवर बायकोने कांद्यांची पिशवी अडकवली होती. बायको म्हणाली, "अहो, ज्या माणसाला दारापर्यंत जायचं नाही, त्याला कुठेच न जाणारी सायकल कशाला?"

हे मिस्त्रींच्या कानावर मीच घातलं. ते हसले नाहीत. वडील सायकल चालवायचे का, विचारलं. चालवायचे म्हणजे? तीस वर्षं एकाच सायकलने कचेरीत गेले. मीही तिच्यावरच शिकलो. आता जिन्याखाली गंजत पडली आहे. "घेऊन या," मिस्त्री म्हणाले.

मी ती ढकलत नेली. चोवीस इंची, काळी, गवळ्यांकडे असते तसली दणकट. मिस्त्रींनी ती आढ्याला टांगली आणि रोज तिचं थोडंसं काम करायला घेतलं. रोज माझ्याबरोबर अण्णांना एक प्रश्न पाठवत. सीट किती उंच ठेवायची? ब्रेक घट्ट हवा की सैल? साखळीवर झाकण ठेवायचं ना? मला वाटलं, हीच ती ट्यूबची पट्टी. आज इथवर, उद्या थोडं पुढे. मी मोठ्या आशेने घरी जाऊन विचारत असे. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणत, "करू दे त्यांना काय करायचं ते." तीन आठवडे रोज हेच उत्तर. मिस्त्री दुसऱ्या दिवशी नवा प्रश्न देत.

मग एका सकाळी माझ्याकडे प्रश्न नव्हता, निरोप होता. चहा पिता पिता मी अण्णांना सांगितलं की सायकल जवळजवळ झाली, मिस्त्रींनी मागचं कॅरियर काढून टाकलं, म्हणाले, उगाच वजन, आता काय लागणार आहे त्याचं. मी ऑफिसला गेलो. अकराच्या सुमारास बायकोचा फोन आला. अण्णा बाहेर पडले आहेत. चप्पल घालून. कुठे म्हणून विचारलं तर उत्तर दिलं नाही. रिक्षाही केली नाही, पायीच गेले.

शनिवार पेठेतून स्वारगेटपर्यंत अण्णा पायी गेले. चार महिने खुर्चीत बसलेला एकोणसत्तर वर्षांचा माणूस.

ही गोष्ट मी पुढे कितीतरी वर्षं सांगितली. लग्नांत सांगितली, ऑफिसच्या पार्ट्यांत सांगितली. मिस्त्री कसे मनकवडे, कुठे बोट ठेवलं की माणूस उठेल हे त्यांनी कसं ओळखलं, कॅरियर कसं मुद्दाम काढलं. सांगता सांगता अंतर वाढत गेलं आणि ऊनही. शेवटी माझी मुलगी म्हणाली, "बाबा, मागच्या वेळी अण्णांच्या पायात चपला होत्या. आता त्याही काढल्यात?"

मिस्त्री थकले, दुकान बंद झालं, ते कोंढव्याला लेकीकडे राहायला गेले. तिथे मी एकदा भेटायला गेलो होतो. पलंगावर भिंतीला टेकून बसले होते, तो पाय तसाच सरळ. बोलता बोलता मी म्हणालो, "मिस्त्री, ते कॅरियर तुम्ही मुद्दामच काढलं होतंत ना?"

"नाही," ते म्हणाले.

मला वाटलं, विनय असेल. मी हसलो. ते हसले नाहीत.

"नाही म्हणजे नाही. मी शर्यतीच्या सायकली करणारा माणूस. कॅरियर दिसलं की हात पान्याकडे जातो. विचार केला नाही. रोज एक प्रश्न पाठवत होतो, तो एक विचारायला हवा होता, तोच विचारला नाही. चूक होती ती. चुकीचं श्रेय घेऊ नये, कॉम्प्युटर." मग म्हणाले, "आपण ही गोष्ट सगळीकडे सांगता असं ऐकलं. सांगा, पण नीट सांगा."

म्हणून आता नीट सांगतो.

सकाळचं बोलणं आठवून मी थेट दुकानाकडे स्कूटर दामटली. पोचलो तेव्हा अण्णा दुकानाच्या दारात चौकट धरून उभे होते. सदरा पाठीला चिकटलेला. सायकल खाली उतरवून स्टँडवर लावली होती, काळ्या रंगाला चकाकी आली होती आणि मागे काहीच नसल्यामुळे ती शेपूट कापल्यासारखी दिसत होती. कॅरियर कोपऱ्यातल्या भंगारात पडलं होतं. मिस्त्री पाना हातात घेऊन उभे होते. दोघांनी एकमेकांना याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. अण्णांना धाप लागली होती, बोलायला वेळ लागला.

"मागे ती बसायची," ते म्हणाले.

मी बोळाच्या तोंडाशीच थांबलो. सांगायची लाज वाटते, पण सकाळी तो निरोप चहाच्या घोटाबरोबर सांगताना मलाही हे सुचलं नव्हतं. मी त्यांचा मुलगा. मिस्त्रींचं सोडा.

मिस्त्रींनी खोका पुढे सरकवला, अण्णांना बसवलं. मग भंगारातून कॅरियर काढलं, फडक्याने पुसलं आणि पाय लांब करून जमिनीवर बसले. "चुकलं माझं, अण्णा," म्हणाले. हे शब्द त्यांच्या तोंडून त्याआधी मी ऐकले नव्हते, नंतरही नाहीत. एकेक नट लावायला त्यांनी इतका वेळ घेतला, जितका त्यांना अख्खी सायकल जोडायला लागत नसे. आणि अण्णा बोलत राहिले. लग्न झाल्यावर पहिल्यांदा आई मागे बसली ती दोन्ही हातांनी सीट घट्ट धरून, यांना धरायची लाज वाटली म्हणून. माझ्या वेळी दवाखान्यातही याच कॅरियरवरून गेली, कळा येत असताना मागून सांगत होती, अहो, खड्डा, डावीकडून घ्या. मी स्कूटर घेतल्यावर म्हणायची, हिच्यावर बोलता येत नाही, सायकलच बरी. चार महिन्यांचं बोलणं होतं ते. मी स्कूटरमागे उभा राहून ऐकलं. माझ्यासमोर ते बोलले नसते. मध्येच म्हणाले, "ती गेली तेव्हा पोरगा तिकडे होता. त्याला मी काही बोललो नाही. बोललो असतो तर बरं झालं असतं, त्याच्यासाठी तरी." तेव्हा अण्णांना रडू आलं. मिस्त्रींनी वर पाहिलं नाही. ते आधीच पिळलेला नट पुन्हा पिळत राहिले.

सगळं झाल्यावर अण्णांनी तोंड पुसलं आणि चालेल का, म्हणून विचारलं.

"सायकल चालेल," मिस्त्री म्हणाले. "आपलं मला माहीत नाही. बोळाच्या टोकापर्यंत जाऊन या."

अण्णांनी तेव्हा मला पाहिलं. एक पाय पेडलवर, दुसऱ्याने जमिनीला दोनतीन रेटे, आणि टांग टाकून ते बसले. सायकल डावीकडे गेली, उजवीकडे गेली, एका भिंतीला नमस्कार करून सरळ झाली. बोळाचं टोक आलं. अण्णा थांबले नाहीत. वळले आणि दिसेनासे झाले.

मी स्कूटरला किक मारली. मिस्त्रींनी हँडल धरलं.

"जाऊ नका."

"अहो, पडले तर?"

"पडले तर उठतील. तुम्ही मागे दिसलात तर उतरतील."

मी थांबलो. स्वारगेटची वाहतूक तिथून ऐकू येत होती, एस. टी.चे हॉर्न, कचकन लागणारे ब्रेक. प्रत्येक ब्रेकला मी बोळाच्या टोकाकडे बघत होतो. मिस्त्रींनी एक चाक मांडीवर घेतलं आणि फिरवलं. थांबवलं. पुन्हा फिरवलं. पाऊण तासात त्यांनी त्या चाकाची एकही तार पिळली नाही. एकदा स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "टोकापर्यंत सांगितलं होतं मी." त्यांचा चेहरा मी पाहिला आणि मला अधिकच भीती वाटली.

अण्णा उलट्या बाजूने आले. घामाघूम, पायजम्याचा एक पाय साखळीच्या तेलाने माखलेला, कोपराला खरचटलेलं. कुठे पडले होते, ते त्यांनी सांगितलं नाही. मंडईच्या बाजूला गेले होते. कॅरियरच्या चिमट्यात मेथीच्या दोन जुड्या होत्या.

उतरून त्यांनी एक जुडी माझ्या हातात दिली. लसूण जास्त घालायला सांग, म्हणाले, आणि भाकरी कर म्हणावं, पोळी नको. मला क्षणभर कळेना की हे कोण बोलतं आहे.

दुसरी जुडी त्यांनी मिस्त्रींपुढे धरली. "ही तुमच्या घरी. बारीक पानांची आहे."

मिस्त्रींचे दोन्ही हात कोपरापर्यंत वंगणाने काळे होते. त्यांनी हातांकडे पाहिलं, मेथीकडे पाहिलं, पुसायला फडकं शोधलं, ते सापडेना. अण्णा जुडी धरून उभे होते. शेवटी मिस्त्रींनी तळवे बाजूला वळवले आणि दोन मनगटांच्या मध्ये ती जुडी घेतली, पानाला डाग लागू न देता, आणि तशीच धरून बराच वेळ उभे राहिले.